पेलेट खाणारा गोबी आणि माझी झालेली शोभा

तीन वर्षं खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक सांभाळतेय, कालची पोर नाही मी. तरी फसले, आणि तेही ज्या गोष्टीची भीती होती नेमकी तिच्यातच.

डायमंड गोबी हा वाळू चाळून खाणारा समुद्री मासा. लहान टँकमध्ये तो उपाशी मरतो, हे मला पाठ होतं. तोंडभर वाळू घ्यायची, त्यातले कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले अगदी इवलेसे जीव), बारीक किडे गाळून खायचे आणि वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची, हा त्याचा दिवसभराचा धंदा. माझा टँक 75 लिटरचा. वाळूतलं जिवंत खाद्य तो काही आठवड्यांत फस्त करणार आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसणार. म्हणूनच ‘पेलेट (म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्या) खायला शिकवलेला’ अशी जाहिरात दिसली तेव्हा भुलले. साध्या गोबीच्या अडीचपट पैसे, सगळे आगाऊ. शिवाय ‘जिवंत कोपेपॉड’ची 500 मिलीची बाटली, माशाच्या किमतीच्या एक तृतीयांशात. (घरी बाटलीचं अजून सांगितलेलं नाही.)

आंधळेपणाने नाही घेतला. व्हिडिओ मागितला. 14 सेकंदांचा आला: पेलेट वाळूवर पडतं, गोबी ते तोंडात घेतो, व्हिडिओ संपतो. अगं बाई, वाळू चाळणारा मासा तोंडात काय घेत नाही? दगडाचा चुरासुद्धा घेतो. खरं काय ते पुढच्या तीन सेकंदांत कळतं, गिळतो की थुंकतो, आणि नेमके तेच कापलेले. बरं, तेही सोडा. मी ‘आजचा व्हिडिओ पाठवा’ म्हटलं, लगेच ‘आजचा’ आला, थोडा जवळून दाखवलेला. दोन्हींत तिसऱ्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यात तोच शंखातला खेकडा त्याच दगडावर चढतो. मला तो दिसला होता. दिसला नुसता नाही, मी ‘खेकडा किती गोड’ असं लिहून पाठवलं. रात्री अजून हे आठवलं की उठून बसते.

पिशवी उघडली तर पोट आत गेलेलं, दोन्ही बाजूंनी चमच्यासारखे खळगे. विक्रेता म्हणाला, प्रवासाचा ताण. ताणाने पोट एका दिवसात असं खपाटीला जात नाही! मासा घेताना रंग बघू नका, पोट बघा. पेलेट टाकलं की तोंडात घ्यायचा आणि थू. तिसऱ्या दिवसापासून पिपेटने बिळाच्या तोंडाशी सोडलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) चार-पाच घेऊ लागला, तेही टँकमधल्या क्लाउनफिश माशांना आधी दुसऱ्या टोकाला गुंतवून ठेवलं तरच. दिवसातून पाच वेळा हे चाललं होतं. मी हयगय केली असं कुणी म्हणू नये.

बाटलीतलं अर्धं पाणी मी टँकमध्ये ओतून मोकळी झाले, कारण मासा भुकेला होता आणि मी घाबरलेली. टॉर्च नंतर मारला. जिवंत कोपेपॉड उजेडात टुणटुण झटके देत हलतात. इथे तळाशी तपकिरी गाळ, बाकी शांतता. विक्रेत्याचं उत्तर: ‘थंडीने सुस्तावलेत.’ ओतायच्या आधी टॉर्च मारा, आणि ती बाटली उघडतानाचं चित्रीकरण ठेवा.

19व्या दिवशी गोबी गेला.

हमी फक्त दोन तासांची, तीही ‘मेलेला पोचला तर’. पैसे ज्यातून भरले त्यांचं म्हणणं, ‘वस्तू मिळाली ना?’ ग्राहक तक्रार कक्षाने सदोष वस्तू मूळ पॅकिंगमध्ये परत करायला सांगितली. मेलेला मासा, मूळ पिशवीत! तसं कळवलं तर उत्तर आलं की छायाचित्रात दोष स्पष्ट दिसत नाही. पोलीस ठाण्यात 40 मिनिटं बसवलं, मग एकाने दुसऱ्याला हाक मारून सांगितलं, ‘मासा उपाशी मेला म्हणून आल्यात बाई.’ दोन्ही व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून दाखवायला फोन पुढे केला, तर म्हणे खेकड्याची तक्रार वेगळी करा. हसले सगळे. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागून घ्या, उभं राहून मागा. तीन ठिकाणच्या तीन तक्रारींपैकी एक 11 दिवसांनी ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली. कसलं निराकरण, कुणाचं, विचारायला त्या पानावर जागाच नाही.

आणि हो, ताजा व्हिडिओ मागाल तेव्हा टँकसमोर आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा, आणि घास तोंडात घेतल्यानंतरचं पूर्ण मिनिट, न कापता. टाळाटाळ केली तर पैसे पाठवू नका.

काल जाहिरात पुन्हा दिसली. आता ‘मायसिस आणि पेलेट दोन्ही खाणारा’ लिहिलंय. व्हिडिओ उघडला. तिसऱ्या सेकंदाला खेकडा चढतोय.