एलडीएफ या अमेरिकेत कोर्टात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला मोठी देणगी दिली, त्याचा अनुभव (शेअर्समधून देणाऱ्यांनी नक्की वाचा)

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणाला सिव्हिल राइट्सच्या (नागरी हक्कांच्या) कामाला जरा मोठी रक्कम द्यायची असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मंदिराला, मंडळाला, गावच्या शाळेला आपण भरभरून देतो पण ज्या चळवळीमुळे या देशाचे दरवाजे आपल्याला उघडले तिकडे फार कमी लोक वळतात आणि मला ते खरंच खटकतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. एनएएसीपी (काळ्या लोकांच्या हक्कांसाठी काम करणारी जुनी संघटना) आणि लीगल डिफेन्स फंड म्हणजे एलडीएफ या दोन वेगळ्या संस्था आहेत. एलडीएफ वकील थर्गूड मार्शलनी 1940 मध्ये सुरू केली, 1957 पासून ती पूर्ण वेगळी, बोर्ड वेगळं, पैसे वेगळे. शाळांमधला वर्णभेद मोडणारी 1954 ची ब्राउन केस लढली ती हीच. चेकवर नाव आणि टॅक्स आयडी बघूनच भरा.

आता अनुभव. एलडीएफमधल्या ज्यांच्याशी बोलणं झालं त्या बाईंनी रक्कम विचारलीच नाही, आधी विचारलं की तुम्हाला या कामाबद्दल का वाटतं. मी सांगितलं की 1946 मध्ये बाबासाहेबांनी इथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून इथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, ते पत्र वाचल्यापासून डोक्यात आहे, आणि मग आम्ही कितीतरी वेळ त्यावरच बोलत बसलो. याआधी दुसऱ्या एका संस्थेला चेक पाठवला होता, तिथून छापील आभारपत्र आलं आणि पाठोपाठ पुन्हा पैसे मागणारं पत्र. परत दिले नाहीत.

मला पैसे फक्त मतदानाच्या हक्काच्या केसेसना द्यायचे होते. त्यांनी अडवलं नाही, पण केस वर्षानुवर्षं चालते, मधेच नवीन काहीतरी उभं राहतं, तेव्हा हात मोकळा असलेला पैसा लागतो हे नीट समजावलं. पटलं, अट काढली आणि रक्कम पुढच्या काही वर्षांत विभागून द्यायचं ठरवलं. 2021 मध्ये एका दात्याने नाव न सांगता एलडीएफला 4 कोटी डॉलर दिले, त्यातून 50 वकील तयार होतायत, लॉ स्कूलची फी संस्था भरते आणि त्या बदल्यात त्यांनी 8 वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सिव्हिल राइट्सचं काम करायचं. एवढा विश्वास एका माणसाने टाकला म्हणजे मागे किती काळ जोडलेलं नातं असेल बघा.

शेअर्सबद्दल. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, वाढलेले शेअर्स असतील तर विकून पैसे देऊ नका, शेअर्सच द्या, नफ्यावर टॅक्स नाही आणि आयटमाइझ करत असाल (म्हणजे ठोक वजावट न घेता एकेक खर्च दाखवत असाल) तर बाजारभावाच्या हिशेबाने वजावट मिळते (उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत, उरलेली पुढच्या वर्षांत). माझ्या ब्रोकरेजने ट्रान्सफर करताना माझं नावच पाठवलं नाही, त्यामुळे शेअर्स कुणाकडून आले हे संस्थेला कळेना, म्हणून कंपनीचं नाव आणि शेअर्सची संख्या आधीच ईमेलने कळवा. आईवडिलांचा आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) असेल आणि वय साडेसत्तरच्या पुढे असेल तर तिथून थेट देता येतं, ती रक्कम उत्पन्नात धरत नाहीत.

पाचपैकी पाच. फक्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, शेअर्स त्यांच्या खात्यात ज्या दिवशी पोचतात तीच देणगीची तारीख धरतात.