गाईड, इंटरॅक्ट, वृद्धाश्रम की लेखनिक: कॉन्व्हेंटमधल्या मुलीने सेवेसाठी काय निवडावं?

शाळा सुरू झाली की कॉन्व्हेंटच्या डायरीतून एक छापील चिठ्ठी घरी येते. गाईड, एनसीसी, इंटरॅक्ट, सोशल सर्व्हिस. एकावर खूण करा, पालकांची सही आणा. घरात त्यावर धड चर्चाही होत नाही. मुलगी मैत्रीण जिथे जाणार तिथे खूण करते, आणि आईबाबांचा एकच प्रश्न असतो: सर्टिफिकेट कशाचं मोठं? पुढच्या दोन वर्षांचे शनिवार मात्र त्या एका खुणेवर ठरतात.

मी इथे सातवी-आठवीतली मुलगी आणि मुंबई, पुणे किंवा वसईकडची ख्रिस्ती संस्थेची मुलींची शाळा धरून चालले आहे. माझी कसोटी सोपी आहे. ज्या शनिवारी पाहुणे नाहीत, बॅनर नाही आणि फोटोही काढायचे नाहीत, त्या शनिवारी मुलगी नेमकं काय करते आणि कुणासाठी करते?

आधी बोर्डाचं बघा. शाळा आयसीएसई असेल, तर ‘काही घ्यायचंच नाही’ हा पर्याय नाही. समाजोपयोगी उत्पादक काम आणि समाजसेवा, म्हणजे मुली ज्याला नुसतं ‘एसयूपीडब्ल्यू’ म्हणतात, त्यात शाळा श्रेणी देते आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय दहावीचं प्रमाणपत्र मिळत नाही. पण शाळेने मनावर घेतलं नाही तर हा तास ग्रीटिंग कार्ड रंगवण्यात संपतो. एसएससीच्या शाळेत निवडीला जरा जास्त मोकळीक असते.

गाईड आणि एनसीसी

चिठ्ठीवर ही दोन नावं शेजारी-शेजारी असतात, म्हणून पालकांना ती एकसारखी वाटतात. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. एनसीसीत मुलींच्या ज्युनिअर विंगची दोन वर्षं असतात, बहुतेक आठवी-नववीत. परेड, ड्रिल, नकाशावाचन, शिबिर आणि शेवटी ‘ए’ सर्टिफिकेटची परीक्षा. जागा मोजक्या, त्यामुळे निवड होते. स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, रॅली हे सगळं असतं, पण तो एनसीसीचा गाभा नव्हे. गणवेशाची ओढ असलेल्या, उन्हात उभं राहायची तयारी असलेल्या मुलीने जरूर जावं. समाजसेवेसाठी म्हणून मात्र एनसीसी निवडू नये.

गाईडमध्ये सेवा हा मूळ धडाच आहे. वचनातच दुसऱ्याला मदत करणं आहे. मुली लहान-लहान संघांत विभागलेल्या असतात, त्यांची संघनायिका त्यांच्यातलीच असते, आणि प्रथमोपचार, गाठी, तंबू, स्वयंपाक अशा गोष्टी हाताने करून शिकायच्या असतात. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘खरी कमाई’ नावाचा जो उपक्रम होतो, तो मला फार आवडतो. मुली स्वतः भेळ किंवा सरबत करून विकतात आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब लिहितात. कुरमुरे किती आणले, चिंच घरून आणली तिचे पैसे धरायचे का, शेवटच्या दहा प्लेटी अर्ध्या किमतीला दिल्या त्यात फायदा झाला की तोटा, यावर त्यांच्यात जे भांडण होतं ते ऐकण्यासारखं असतं. आईबाबांकडून मागून आणलेल्या शंभर रुपयांच्या देणगीत हे शिक्षण नाही.

दोन अडचणी मात्र आहेत. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत, आणि मधल्या प्रत्येक पायरीला ठराविक काळ द्यावाच लागतो. पुरस्कारावर डोळा असेल तर पाचवी-सहावीतच सुरुवात हवी. आठवीत सुरू करून दहावीच्या आत वरची पायरी गाठणं अवघड. दुसरं, सगळं गाईड कॅप्टनवर अवलंबून. बाई उत्साही असतील तर पथक जिवंत, नसतील तर स्कार्फ फक्त पंधरा ऑगस्टला कपाटाबाहेर येतो. वरच्या वर्गातल्या दोन मुलींना विचारा: गेल्या वर्षी शिबिर झालं का, आणि रात्री मुक्काम होता का? उत्तरावरून पथकाची तब्येत कळते.

पुण्याच्या मुलींना यात एक जादाची गंमत आहे. जगभरच्या गर्ल गाईडची जी पाच जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं एक, ‘संगम’, 1966 पासून येरवड्याजवळ आळंदी रस्त्यावर आहे.

इंटरॅक्ट

रोटरीचं हे शालेय रूप, वय 12 ते 18. रोटरीच्या नियमाप्रमाणे क्लबने वर्षाला किमान दोन उपक्रम करायचे: एक शाळेच्या किंवा समाजाच्या उपयोगाचा, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढवणारा. म्हणजे किमान अपेक्षा तशी फार नाही. इथे मुलगी सभा चालवायला, इतिवृत्त लिहायला, मोठ्या माणसांसमोर उभं राहून बोलायला शिकते. लाजऱ्या मुलीसाठी हा फायदा खरा आहे. पण कामाचं स्वरूप बरेचदा जमवाजमवीचं: जुने कपडे, वह्या, धान्य. ते कुणाकडे गेलं, त्यांना हवं होतं का, हे मुलींना कळतच नाही. तुमच्या शाळेचा क्लब एखाद्या ठिकाणी वर्षभर जात असेल तर गोष्ट वेगळी. पदग्रहण समारंभ आणि नाताळचं वाटप एवढंच असेल तर मुलगी तिथे भाषण शिकेल, सेवा नाही.

सिस्टरांची सोशल सर्व्हिस

चिठ्ठीवर हा पर्याय सगळ्यात शेवटी, अगदी बापुडवाणा छापलेला असतो. ना बिल्ला, ना गणवेश. कॉन्व्हेंटचं खरं वेगळेपण मात्र इथेच आहे, कारण शाळा चालवणाऱ्या सिस्टरांचे वृद्धाश्रम, दवाखाने, वसतिगृहं यांच्याशी जुने संबंध असतात. दुसऱ्या शाळेला परवानगी मिळवायला महिना लागेल तिथे सिस्टरांचा एक फोन पुरतो. अंधेरीला महाकाली रस्त्यावर लिटल सिस्टर्स ऑफ द पुअरचा वृद्धाश्रम आहे, भायखळ्याला मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं आशादान आहे. वसईत तर पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, पातळीवरच घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी मिळू शकते.

वृद्धाश्रमात आठवीच्या मुलीने करायचं तरी काय? पहिल्या भेटीत गाणी म्हणून झाली की मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरं काम सापडायला लागतं. कुणाला सुईत दोरा ओवून हवा असतो, कुणाला पेपरातली श्रद्धांजलीची पानं वाचून हवी असतात (हो, आधी तीच), कुणाला नातवाचा मेसेज मोठ्या अक्षरात करून हवा असतो. बांद्र्या-वसईकडे हाऊजी (तिकिटावरचे आकडे खोडायचा तांबोला) काढली की अंथरुणावरचे आजोबासुद्धा तिकीट मागतात. आकडे खणखणीत आवाजात पुकारायला एक मुलगी लागते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या शेजारी बसून खुणा करायला चार लागतात. हे काम गाण्यांच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे, आणि ते ‘पुढच्या शनिवारी येणार ना गं?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आलं तरच होतं. म्हणून या पर्यायात एकच गोष्ट तपासा: वर्षभर एकच ठिकाण आहे की दर वेळी नवं? दर वेळी नवं असेल तर ती सहल आहे.

बालगृहाच्या भेटींबद्दल मी जास्त सावध आहे. वाढदिवसाला केक घेऊन जायचं, तासभर मुलांना मांडीवर घ्यायचं आणि पुन्हा कधीच फिरकायचं नाही, याने तिथल्या मुलांचं काही भलं होत नाही. शिवाय बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 पालकांना माहीतच नसतं. संस्थेत असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव किंवा पत्ता प्रसिद्ध करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा फोन घरीच ठेवा, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो मागणाऱ्या पालकांनाही हे सांगा.

आता जो प्रश्न पालक सभेत कुणी विचारत नाही आणि गेटबाहेर सगळे विचारतात: यात धर्म किती? या शाळांत ख्रिस्ती नसलेल्या मुली पुष्कळ असतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. वृद्धाश्रमात जेवणाआधी प्रार्थना होईल, तेव्हा मुलगी शांत उभी राहील, एवढंच. वायसीएस हा विद्यार्थ्यांचा गट ख्रिस्ती मुलींसाठी आहे, पण त्याच्या जोडीला वायएसएम असतं, ते इतर धर्मांच्या मुलींसाठी. दोन्हींची पद्धत एकच: आधी पाहा, मग पारखा, मग कृती करा. लीजन ऑफ मेरी मात्र सरळसरळ कॅथलिक भक्तीचा संघ आहे, तिथे गल्लत नको. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या कलम 28(3) मध्येच आहे. आणि गाईडच्या वचनात ‘ईश्वर’ शब्दाच्या जागी ‘धर्म’ म्हणायची मुभा आहे.

चिठ्ठीवर नसलेला पर्याय: लेखनिक

दृष्टिहीन परीक्षार्थींना दहावीला लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहून देणारा, लागतो, आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे आठवी-नववीच्या मुली नेमक्या हव्या असतात. दादरची अंध मुलींची शाळा 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केली; पुण्यात कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे. अशा संस्थांशी आपल्या मुख्याध्यापिकांनी दिवाळीनंतर बोलून ठेवलं तर शाळेतल्या मुलींची यादी करता येते.

ताशी वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. परीक्षा देणारी मुलगी सांगेल ते लिहायचं, ‘तिसरी ओळ परत वाच’ म्हणाली की वाचायची, आणि आपल्याला बरोबर उत्तर माहीत असताना तिने सांगितलेलं चुकीचं उत्तर तसंच्या तसं उतरवायचं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलींना हे सगळ्यात जड जातं. हात दुखतो, तोंड मिटून बसावं लागतं, टाळ्या नाहीत. पण चुकलं तर दुसरीचं वर्ष जातं, त्यामुळे इतकी जबाबदारीची सेवा या वयात दुसरी नाही. अक्षर सुवाच्य हवं, शुद्धलेखन पक्कं हवं, आणि दोघींनी आधी एक सराव पेपर एकत्र लिहायलाच हवा.

मला विचाराल तर, सहावीपर्यंतच्या मुलीला गाईड, कॅप्टन चांगल्या असतील तर डोळे मिटून. आठवीत नव्याने ठरवत असाल तर सिस्टरांची सोशल सर्व्हिस, ठिकाण एकच असेल या अटीवर, आणि नववीत त्याला लेखनिकाची जोड. मुलगी चारचौघांत तोंडच उघडत नसेल तर एक वर्ष इंटरॅक्ट. लेखनिकाचं नाव देण्याआधी शाळेचं वेळापत्रक तेवढं बघा: दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. एसएससीच्या शाळेत नववीची वार्षिक परीक्षा साधारण एप्रिलमध्ये असते, तिथे अडत नाही. आयसीएसईच्या शाळांत ती बहुधा याच सुमारास येते, तेव्हा तारखा जुळतात का हे वर्गशिक्षिकेला डिसेंबरमध्येच विचारून ठेवा.