उपवासकाळ: चर्चची रीत की घरातली प्रार्थना?

वसईच्या एका मैत्रिणीने विचारलं: उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) चर्चच्या रीतीने पाळू, की घरीच मनापासून प्रार्थना करू?

कष्टाचं बघितलं तर नियम वाटतात तेवढे जड नाहीत. कॅथलिकांना सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे; तोही 18 ते 59 वयाला. एकांतातल्या प्रार्थनेला वेळापत्रक नाही, म्हणून तीच अवघड. आज राहिली, उद्या राहिली की सुटतेच.

दिखाव्याचा धोका रीतीत जास्त. उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं येशू बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात सांगतो ते याचसाठी. पण उपवास सोडा, असं तो म्हणत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कठीण काळात? घरात मयत झाली की स्वतःचे शब्द सुचत नाहीत. शेजारी जमून म्हणतात ती रोझरीच, म्हणजे जपमाळेची प्रार्थनाच, तेव्हा माणसाला धरून ठेवते.

मोकळेपणा मात्र आतल्या श्रद्धेकडे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

मन भरकटत असेल किंवा दुःख ताजं असेल, तर रीत धरावी. तोंडपाठ प्रार्थना निर्जीव वाटू लागली असेल, तर यंदा खोलीचं दार लावून बसावं, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) न चुकवता.