लांब पल्ल्याची नेमबाजी: अ‍ॅप की छापील तक्ता?

गोळीचा वेग, बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा विरोध किती कापते त्याचा आकडा), तापमान, हवेचा दाब भरला की अ‍ॅप क्षणात करेक्शन देतं, म्हणजे नेम किती सरकवायचा ते. अंतरानुसार हेच आकडे छापलेला तक्ता एकाच हवामानाचा. डोंगरावर हवा विरळ झाली की गोळी त्यातल्या आकड्यापेक्षा वर लागते. ३०० मीटरपर्यंत हा फरक जाणवतही नाही, पुढे मात्र अ‍ॅपच सरस.

पण वेग अंदाजाने भरलात तर अ‍ॅपही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतं! ०.१ मिलची (मिल म्हणजे कोनाचं माप, अंतराचा हजारावा भाग) चूक ६०० मीटरवर ६ सेंटीमीटर. क्रोनोग्राफने वेग मोजा, मग प्रत्यक्ष गोळ्या झाडून आकडे जुळवा. वाऱ्याचा अंदाज शेवटी तुमचाच.

तक्त्याला बॅटरी लागत नाही, उन्हात स्क्रीनही दिसेनाशी होत नाही. मी अ‍ॅपवरून काढलेला तक्ता बटस्टॉकला (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाला) चिकटवतो.