डर्टी_बाइट्स सेटिंग: लिनक्सवर आठ महिने वापरल्यानंतर

मशीन १६ जीबी रॅमचं, डेबियन १२, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. काम मोठ्या फाइल्स यूएसबी डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवर लिहिण्याचं. मूळ सेटिंगवर मोठी कॉपी चालू असली की त्याच डिस्कवर छोटीशी फाइल सेव्ह करायलाही मिनिटं लागायची. डिस्कवर न उतरलेला किती डेटा रॅममध्ये साठू द्यायचा याची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये घातली आणि हे थांबलं. मात्र कंटेनर (त्याच कर्नलवर, ठरावीक मेमरीत वेगळे कोंडलेले प्रोग्रॅम) चालवणाऱ्यांनी खालचं वाचल्याशिवाय हे आकडे उचलू नयेत.

प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा डेटा लगेच डिस्कवर जात नाही, पेज कॅशमध्ये (फाइल्सचा डेटा ठेवायला वापरलेली रॅम) ४ केबीच्या पानांत साठतो. डिस्कवर अजून न उतरलेलं पान म्हणजे डर्टी पान. मेमरी संपत आली तर कर्नल स्वच्छ पान तिथल्या तिथे सोडून देतो, डर्टी पान मात्र आधी लिहावंच लागतं. आणि लिहायलाही मेमरी लागते: डिस्कला द्यायची विनंती, जर्नलचे (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीचे) बफर, नेटवर्कवरची डिस्क असेल तर पॅकेट. मेमरी सुटायला लिहायचं आणि लिहायला मेमरी नाही, इकडे आड तिकडे विहीर. म्हणून ब्लॉक लेयर (कर्नलचा डिस्कला विनंत्या पोचवणारा भाग) ‘मेमपूल’मध्ये थोडा साठा आधीच राखून ठेवतो. फाइलसिस्टिम ‘नोएफएस’ अशी खूण लावून मेमरी मागते, म्हणजे पानं मोकळी करता करता कर्नल पुन्हा त्याच फाइलसिस्टिमच्या लॉकमध्ये अडकत नाही. ही व्यवस्था खरोखर भक्कम आहे, पण ती मशीन पूर्ण अडकू नये एवढ्यापुरतीच. पानं तुंबूच नयेत हे काम डर्टी मर्यादांचं.

मूळ मर्यादा १० आणि २० टक्के. हे टक्के एकूण रॅमचे नाहीत, रिकामी मेमरी अधिक फाइल कॅश यांचे. १५ जीबी उपलब्ध असेल तर १.५ जीबीला मागच्या मागे लिहिणं सुरू होतं आणि ३ जीबीला कमाल गाठली जाते. दोन्हींच्या मध्यापर्यंत, म्हणजे २.२५ जीबीपर्यंत, लिहिणाऱ्याला कुणी अडवत नाही. त्यापुढे कर्नल त्याला थोडा थोडा वेळ झोपवतो, एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद. पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी घेत असेल तर ३ जीबी उतरायला ५ मिनिटं! या काळात सिंकवर (थकलेलं सगळं डिस्कवर उतरवणारी कमांड) थांबलेली प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (डिस्कची वाट पाहत, मध्येच न उठवता येणारी) दिसते, किल -९ ला (जबरदस्तीने बंद करण्याच्या आज्ञेला) दाद देत नाही, आणि १२० सेकंद उलटले की लॉगमध्ये तक्रार येऊ शकते.

कर्नलच्या सेटिंग्जच्या सिससीटीएल.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या: मागच्या मागे लिहिणं सुरू करणाऱ्या डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्सला ६७१०८८६४ (६४ एमबी), कमाल ठरवणाऱ्या डर्टी_बाइट्सला २६८४३५४५६ (२५६ एमबी). बाइट्स लावले की टक्क्यांची जोडी आपोआप ० दाखवते, ते बिघाड समजू नका. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर आता जास्तीत जास्त अडीच सेकंदांचं काम थकलेलं असतं, पेन ड्राइव्हवर २५ सेकंदांचं. कॉपीचा प्रोग्रेस बारही खरा वाटू लागतो; पूर्वी पहिले २ जीबी क्षणात ‘झालेले’ दिसायचे. तरीही पेन ड्राइव्ह काढण्याआधी सिंक द्याच आणि मेमइन्फोमधल्या (कर्नलच्या मेमरीच्या हिशेबाची फाइल) ‘डर्टी’ व ‘रायटबॅक’ (सध्या लिहिली जाणारी पानं) या ओळी खाली आल्यात का बघा. फाइल बंद झाली म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असं नव्हे, आणि लिहिताना आलेली चूक प्रोग्रॅमला खात्रीने कळते ती एफसिंकमधूनच (एका फाइलपुरतं सिंक).

आता कंटेनर. सीग्रुप २ मध्ये (प्रोसेसचे गट करून त्यांना मेमरी वाटून देणारी कर्नलची सोय) कर्नल या बाइट्सचे पुन्हा टक्के करतो आणि तेच प्रत्येक ग्रुपच्या मेमरीला लावतो. १५ जीबीत २५६ एमबी म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आत. ५१२ एमबीच्या कंटेनरला मग डर्टी पानांसाठी जेमतेम ८-९ एमबी मिळतात आणि आतला डेटाबेस रांगायला लागतो. अशा ठिकाणी कंटेनरची मेमरी वाढवा, नाहीतर डर्टी_बाइट्स १ जीबीपर्यंत न्या. शिवाय नुसती मेमरी.मॅक्स (ग्रुपची कडक कमाल) लावू नका, तिच्याखाली मेमरी.हाय ठेवली तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) प्रोसेस मारण्याआधी तिचा वेग कमी होतो.

फक्त पेन ड्राइव्हलाच लगाम घालायचा असेल तर त्या डिव्हाइसच्या बीडीआय फोल्डरमध्ये (दर डिस्कच्या लिखाणाच्या सेटिंग्ज) मॅक्स_रेशो (त्या डिस्कचा डर्टी मर्यादेतला कमाल वाटा) आहे, पण एकूण डर्टी पानं वर सांगितलेला मध्य ओलांडेपर्यंत तो लागूच होत नाही. त्याला पहिल्यापासून कामाला लावणारं स्ट्रिक्ट_लिमिट कर्नल ६.२ मध्ये आलं, म्हणजे डेबियन १२ च्या मूळ कर्नलवर ते नाही.