पन्नाशी ओलांडलेल्या एमजीत एसी बसवला, कुर्ल्याच्या गॅरेजचा अनुभव

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव टाकत नाहीये. गॅरेज चालवणाऱ्या चाचांनीच सांगितलंय, "नाव टाकलंस तर उद्या दहा जण गाड्या घेऊन येतील, आणि तुझ्या एका गाडीला मी अडीच महिने लावलेत." कुर्ला-कालिनाच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे ना, तिच्या मागच्या गल्लीत. ज्याला खरंच गरज आहे त्याला दोन दुकानदारांना विचारलं की सापडेल.

गाडी माझी १९७२ची एमजीबी जीटी, जुन्या ब्रिटिश एमजीची बंद छपराची स्पोर्ट्स कार, म्हणजे मामाची. मामा गेल्यावर मामी म्हणाली बाबा घेऊन जा, तिच्याखाली कुत्री झोपतात नुसती. इंजिन, ब्रेक, टायर सगळं दोन वर्षांत मार्गी लागलं पण एक गोष्ट राहिली ती म्हणजे आतला उकाडा. उघड्या टपाची एमजीबी असती तर गोष्ट वेगळी, वारा तरी लागतो. जीटी म्हणजे मागे भली मोठी उतरती काच असलेली पेटी. १९६५ साली हे मॉडेल आलं तेव्हा छपराच्या डिझाइनला पिनिनफारिनाचा हात लागला होता, देखणंच आहे, वाद नाही, पण त्यांनी काही दादरचा मे महिना डोळ्यासमोर ठेवला नव्हता. काळी फिल्म लावायची तर २०१२चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आड येतो. सायन सर्कलला दोन सिग्नल अडकलं की शर्ट सीटला चिकटलाच. बायको एकदाच म्हणाली, "गाडी तुझी, घाम माझा, हे जमणार नाही," आणि त्यानंतर मार्च ते जून ती गाडीत बसलीच नाही.

पहिल्यांदा घराजवळच्या एका एसीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला दोन दिवसांत देतो, पंचेचाळीस हजार, मारुतीची भंगारातली कॉइल (आतली हवा गार करते ती) टाकू, डॅशबोर्ड "थोडासा" कापावा लागेल. हे थोडासा म्हणताना त्याने हाताने जे माप दाखवलं ते बघून मी चहासुद्धा न पिता निघालो.

मग चाचांकडे गेलो. चाचा मूळचे खेडचे, त्यामुळे आमचं सगळं बोलणं मराठीत. सत्तरीचे असतील. बोनेट उघडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि हसले. "अरे ही तर ॲम्बेसेडरची चुलत बहीण!" खरंच आहे ते. ॲम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं होतं ते बीएमसीच्या (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं त्याच घराण्यातलं. चाचांनी उमेदीत सरकारी ॲम्बेसेडरना एसी बसवलेत, नंतर निळ्या कूल कॅब, म्हणजे एसी टॅक्स्या, केल्या, त्यामुळे या ब्लॉकवर कुठला बोल्ट कुठे निघतो ते त्यांना न बघता माहीत. मला वाटलं आता काम सुरू. तर म्हणाले, "एसी शेवटी. आधी गाडीला गरम व्हायची सवय मोडू."

तीन आठवडे एसीचा एक पार्ट गाडीला लागला नाही. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण त्या तीन आठवड्यांत जे निघालं ते ऐका. एमजीबीचा हीटर बोनेटखालीच, इंजिनच्या मागच्या भिंतीवर बसतो, आणि गरम पाणी त्याच्यात सोडायचा एक छोटा कॉक असतो. आमचा कॉक गंजून अर्धवट उघडाच अडकलेला. म्हणजे मामाच्या काळापासून, कुणास ठाऊक किती वर्षं, मुंबईच्या उन्हाळ्यात ही गाडी हीटर चालू ठेवून फिरत होती! चाचांनी बोटाने पाइप दाखवला, मी हात लावला, चटका बसला. आता तिथे नवा कॉक टाकलाय आणि तो घट्ट बंद होतो. मग गिअरबॉक्सवरचा जो उंचवटा दोन सीटच्या मधून जातो त्याच्यावर, पायाखाली आणि पुढच्या भिंतीवर फॉइल लावलेलं इन्सुलेशन घातलं, गिअरच्या दांडीभोवतीचा फाटलेला रबर बदलला, दरवाज्यांची रबरं बदलली. एवढ्यावरच गाडी आतून निम्म्याने सुधारली होती. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मी मनापासून सांगतोय.

दुसरी भानगड विजेची. १९७२च्या गाडीत लुकासचा अल्टरनेटर, ३४ अँपिअर. आता हिशोब करा, ब्लोअर दहा-बारा, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकतो तो) पंखा तेवढाच किंवा जास्त, कंप्रेसर इंजिनला जोडणारा-सोडणारा क्लच चारेक, म्हणजे एकटा एसीच तीसच्या आसपास खाणार, वर रात्र असेल तर हेडलाइट आणि पाऊस असेल तर वायपर. आणि हे ३४ इंजिन पळत असताना, सिग्नलला उभं असताना त्याच्या निम्मेसुद्धा मिळायची मारामार. फ्यूज म्हणाल तर मोजून चार. चाचांनी जास्त ताकदीचा अल्टरनेटर लावला आणि एसीची वायरिंग पूर्ण वेगळी ओढली, बॅटरीपासून जाड वायर, स्वतःचे रिले, स्वतःचे फ्यूज. जुन्या वायरिंगला हात लावला नाही. जो कोणी तुमच्या जुन्या गाडीच्या पंख्याच्या वायरला जोड देऊन ब्लोअर चालवतो म्हणेल त्याला नमस्कार करून निघा, गाडी पेटते अशाने.

रेडिएटरची कोअर जाड करून घेतली कारण त्याच्या पुढे कंडेन्सर उभा राहणार, म्हणजे रेडिएटरला येणारी हवा आधीच तापलेली. ऑइल कूलरपण तिथेच पुढे, त्यामुळे जागेची बरीच ओढाताण झाली.

कंप्रेसर मात्र बघण्यासारखा बसवलाय. मूळ पुलीला एकच खाच, त्यामुळे लेथवाल्याकडून दोन खाचांची करून आणली. जाड लोखंडी प्लेटचा ब्रॅकेट चाचांनी तीनदा बनवला, दोनदा स्वतःच नापास केला, कारण पट्टा एका रेषेत येत नव्हता. "पट्टा वाकडा पळाला की आधी किंचाळतो, मग बेअरिंग खातो." आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बॉडीला एकही नवीन भोक नाही. आधीपासून असलेल्या बोल्टवरच सगळं बसवलंय. हा माझा हट्ट होता कारण २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांच्या रजिस्ट्रेशनचे जे नियम आणले त्यात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत असं आहे. मी अजून ते रजिस्ट्रेशन केलेलं नाही, कारण मग गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. पण उद्या करायचं ठरवलं तर दोन दिवसांत सगळं उतरवता येईल असं चाचा म्हणतात (त्यांचे दोन दिवस म्हणजे आठवडा धरा).

गॅस भरायच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो. नायट्रोजन मारून, साबणाचं पाणी लावून लीक बघितला, टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरची साधी हवा नाही वापरली. कारण विचारलं तर म्हणाले मुंबईच्या हवेत पाणीच जास्त, ते आत गेलं तर तेलात मिसळून आतून सगळं खातं. मग वॅक्यूम पंप लावून तासभर ठेवला. हवा पूर्ण ओढली की आतलं पाणी साध्या आपल्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं, हे शाळेत शिकलो होतो पण उपयोग पहिल्यांदा बघितला. गॅस आर-१३४ए. ही गाडी बनली तेव्हा आर-१२चा जमाना होता, तो ओझोनच्या भानगडीत बंद झाला.

आता रिझल्ट. माझ्याकडे छोटं डिजिटल थर्मामीटर आहे ते एसीची हवा येते त्या जाळीत खोचलं. दुपारी एक वाजता बाहेर ३४, ईस्टर्न फ्रीवेवर जाळीतली हवा ९ डिग्री. मी दोनदा बघितलं. चेंबूरला उतरून ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं, १६ वर गेली. सोळा म्हणजे गार नाही पण सोसतं, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमधच राहिला, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. कंप्रेसरचा क्लच लागला की इंजिनचा वेग किंचित खाली बसतो, त्यासाठी आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वाढवणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आहे, तरी पहिल्या गिअरमध्ये जरा जड वाटते. नवीन असताना ९५च्या आसपास हॉर्सपॉवरची गाडी, त्यातले तीन-चार कंप्रेसरने नेले तर कळणारच. खंडाळ्याच्या चढाला मी एसी बंद करतो, चाचांचा हुकूम आहे.

तक्रारी आहेत. तीन आठवडे सांगून अडीच महिने, हे तर झालंच. फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या ये" आणि उद्या गेलो तर ब्रॅकेट लेथवाल्याकडे. कॉइलचा डबा डॅशखाली डाव्या बाजूला लटकतो, उंच माणसाचे गुडघे लागतात. पहिल्याच रविवारी बायको हौसेने बसली आणि माटुंग्यापर्यंत तिच्या सँडलवर पाणी ठिबकत होतं. ड्रेनचा पाइप वाकून बसला होता, आणि आपल्याकडच्या दमट हवेत कॉइलवर पाणी किती जमतं विचारू नका. महिन्याभरात एक होज पुढच्या पत्र्याला घासून गॅस गेला. चाचांनी होज फुकट बदलला, वर रबराचं कवच घातलं, पण गॅसचे पैसे घेतले. मी घासाघीस केली, ते म्हणाले गॅस काय माझ्या विहिरीतून येतो का.

एकूण खर्च १ लाख ७२ हजार, त्यात रेडिएटर, अल्टरनेटर, इन्सुलेशन धरून. निव्वळ एसीचे म्हणाल तर एक लाखाच्या आत. स्वस्त नाही. एवढ्यात बरी सेकंडहँड एसीवाली गाडी येते, हे मला माझ्या भावाने तीन वेळा ऐकवलंय.

कोणी जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असतं. आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम मोठ्या कागदावर छापून न्या, चाचांना मोबाइलवर दिसत नाही. पैसे तीन टप्प्यांत द्या. तारीख विचारू नका.

पाचपैकी चार. कापलेला एक तारखांचा.

आणि हो, पावसाळ्याचं लिहायचं राहिलं. मामा जूनपासून एक पिवळं फडकं दरवाज्याच्या खिशात ठेवायचे, गाडी चालवता चालवता आतून काच पुसायला. गेल्या आठवड्यात हिंदमाताला धो धो पाऊस, आजूबाजूच्या टॅक्स्यांच्या काचा पांढऱ्या, आणि आमची दोन मिनिटांत स्वच्छ, कारण एसीने आतली ओल ओढून घेतली. बायकोने फडकं काढलं, बघितलं, परत खिशात ठेवलं आणि म्हणाली, "ब्लोअर एक नंबर कमी कर, गार लागतंय."