माध्यमिक शाळांचा खर्च, चालू आणि भांडवली: विश्व बँकेचं आकड्यांचं पान कितपत कामाचं?

सरकारी माध्यमिक शाळांवरच्या खर्चातला किती भाग पगार, वीजबिल आणि खडू-पुस्तकांत जातो आणि किती भाग नव्या इमारतींत, हे देशवार बघायचं असेल तर बहुतेक जण विश्व बँकेच्या संकेतस्थळावरच्या एका निर्देशकापाशी येऊन पोहोचतात. निर्देशक म्हणजे एकच गोष्ट देशवार, वर्षवार मोजणारी आकड्यांची मालिका. त्याचा सांकेतिक क्रमांक एसई.एक्सपीडी.सीएसईसी.झेडएस (SE.XPD.CSEC.ZS). पान फुकट आहे, नोंदणीची भानगड नाही, आणि आकडे श्रेय देऊन कुठेही वापरता येतात. एका देशाची दहा-पंधरा वर्षांची चाल बघायला ते चांगलं आहे. देशांची पहिला-दुसरा अशी यादी लावायला मात्र ते बिलकुल वापरू नये. त्याचं नेमकं हेच काम लोक सर्वाधिक करतात, म्हणून हा लेखाजोखा.

आधी पानावर काय मिळतं ते. सरकारी माध्यमिक संस्थांमध्ये प्रत्यक्ष झालेला एकूण खर्च हा छेद, त्यातला चालू खर्च हा अंश. वर्षभरात संपणारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागणारा खर्च म्हणजे चालू: पगार, शैक्षणिक साहित्य, पूरक सेवा, कार्यालयीन खर्च. वर्षापेक्षा जास्त टिकणाऱ्या गोष्टी भांडवली: बांधकाम, नूतनीकरण, मोठी दुरुस्ती, जड यंत्रसामग्री, वाहनं. पानावर फक्त चालू खर्चाचा टक्का आहे. भांडवली टक्का हवा तर शंभरातून वजा करा. शिष्यवृत्त्या आणि विद्यार्थ्यांना मिळणारं इतर अर्थसाहाय्य छेदातच धरलेलं नाही, त्यामुळे हा टक्का म्हणजे 'शिक्षणाच्या अंदाजपत्रकाचा वाटा' नव्हे. वर्तमानपत्री तक्त्यांत ही चूक सर्रास दिसते.

'सरकारी संस्था' या शब्दांकडेही नीट बघायला हवं. नेदरलँड्समध्ये बहुसंख्य मुलं खासगी व्यवस्थापनाच्या, पण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत शिकतात. त्या शाळा या आकड्यात येत नाहीत. म्हणजे तिथला टक्का देशातल्या माध्यमिक शिक्षणाचा नसून त्याच्या एका छोट्या तुकड्याचा आहे. पानावर याची सूचना ठळकपणे कुठेच नाही, आणि हा त्याचा मोठा दोष आहे.

'माध्यमिक' म्हणजे आंतरराष्ट्रीय शैक्षणिक वर्गीकरणातले स्तर २ (निम्न माध्यमिक) आणि ३ (उच्च माध्यमिक). स्तर १ म्हणजे प्राथमिक. फिनलंड किंवा डेन्मार्कसारख्या देशांत प्राथमिक आणि निम्न माध्यमिक वर्ग एकाच सलग शाळेत, एकाच छपराखाली भरतात. त्या छपराच्या खर्चातला किती भाग स्तर १ चा आणि किती स्तर २ चा हे कुणीतरी कागदावर वाटून द्यावं लागतं. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटणी हा नेहमीचा उपाय. पगाराच्या बाबतीत तो बरा चालतो. इमारतीच्या बाबतीत तो ढोबळ ठरतो, कारण प्रयोगशाळा आणि कार्यशाळा मोठ्या मुलांसाठी लागतात आणि महागही त्याच असतात.

खरी गुंतागुंत दुरुस्तीची आहे. छताच्या गळतीवर दर वर्षी थोडा-थोडा हात फिरवला तर तो चालू खर्च. दहा वर्षं काहीच न करता मग अख्खं छत बदललं तर तो भांडवली. म्हणजे इमारती नीट राखणारा देश या तक्त्यात 'गुंतवणूक कमी करणारा' दिसतो आणि दुर्लक्ष करून शेवटी पाडून बांधणारा 'गुंतवणूकदार' ठरतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी सुचवलेलं माप असं होतं की इमारतींच्या पुनर्बांधणी-मूल्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दर वर्षी देखभाल-दुरुस्तीसाठी ठेवावी. ती रक्कम कुठे पडते, चालू बाजूला की भांडवली, हे प्रत्येक देशाच्या लेखा-नियमांवर आणि 'मोठी दुरुस्ती' कशाला म्हणायचं या मर्यादेवर ठरतं. मर्यादा बदलली की टक्का बदलतो, शाळेत मात्र एक वीटही हललेली नसते.

भांडवली टक्का कमी म्हणजे पैसे वाचले, असंही नव्हे. इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२३ च्या अहवालात नोंदवलं की शिक्षण खात्याने शाळा-इमारतींसाठी वर्षाला ५.३ अब्ज पौंडांची गरज मांडली होती, आणि अर्थखात्याने दिले सरासरी ३.१ अब्ज. पुढे त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, सत्र उघडायच्या तोंडावर, कोसळण्याचा धोका असलेल्या हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या इमारती बंद करायचे आदेश निघाले. टक्केवारीच्या तक्त्यात असली थकबाकी कधीच दिसत नाही. तिथे फक्त त्या वर्षी खर्च झालेला पैसा असतो. घसारा धरलेला नाही. कर्जाची परतफेड आणि व्याज तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार दोन्ही बाजूंतून वगळलेलं.

इंग्लंडचंच दुसरं उदाहरण. ब्रिटनमध्ये १९९२ पासून खासगी कंपन्यांनी इमारत बांधायची आणि सरकारने वीस-तीस वर्षं वार्षिक शुल्क भरायचं अशी योजना होती. नव्या कामांसाठी ती २०१८ मध्ये बंद केली. पण जुन्या करारांचे हप्ते अजून चालू आहेत. त्या शुल्कात बांधकामाची किंमत, देखभाल आणि सफाई हे सगळं एकत्र असतं. ते चालू खर्चात धरलं की बांधलेली शाळा 'गुंतवणूक' म्हणून कुठे दिसतच नाही. भाड्याच्या इमारतींचं तेच: भाडं चालू बाजूला. भारतातली अडचण वेगळी आहे. शिक्षणाचा महसुली (म्हणजे ढोबळमानाने चालू) खर्च सरकारी हिशेबाच्या मुख्य शीर्ष २२०२ खाली आणि भांडवली ४२०२ खाली पडतो, हे ठीक. पण वरच्या सरकारने खालच्या संस्थेला बांधकामासाठी दिलेलं सहायक अनुदान देणाऱ्याच्या हिशेबात महसुली म्हणूनच नोंदलं जातं. वर्गखोली उभी राहते, आणि शीर्षानुसार बेरीज करणाऱ्याला ती पगाराच्या बाजूला सापडते.

आता वर्षागणिक होणारे चढ-उतार. समजा एखादा देश दर वर्षी माध्यमिक शाळांवर १००० एकक खर्च करतो, त्यात ९३० चालू आणि ७० भांडवली. टक्का ९३. पाचव्या वर्षी त्याने बांधकामावर ७० ऐवजी २०० खर्च केले, पगार तसेच. एकूण ११३०, चालू टक्का ८२.३. एका वर्षात जवळजवळ ११ टक्क्यांची घसरण, आणि एकाही शिक्षकाचा पैसा कमी झालेला नाही. लहान देशांत दोन-तीन मोठ्या शाळा बांधल्या तरी एवढा झोका बसतो. म्हणून एका वर्षाचा आकडा उचलू नका, किमान पाच वर्षांची सरासरी घ्या. रकमा हाताशी असतील तर आधी रकमा जोडा, मग टक्का काढा: वरच्या उदाहरणात ५१३० पैकी ४६५०, म्हणजे ९०.६. नुसते टक्के असतील तर त्यांची सरासरी ९०.९ येते. इथे फरक किरकोळ आहे. महागाई जोरात असलेल्या देशात रकमा थेट जोडल्या तर शेवटच्या वर्षांचं वजन फुगतं, तिथे टक्क्यांची सरासरीच बरी.

वापरण्याच्या बाबतीत पान सोपं, पण खाचखळगे आहेत. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाईल) उतरवली की तीन फायली मिळतात: आकडे, देशांची माहिती, निर्देशकाची माहिती. आकड्यांच्या फायलीत पहिल्या चार ओळी शीर्षकाच्या आणि कोऱ्या. स्तंभांची नावं पाचव्या ओळीत. त्या चार ओळी न वगळता फाईल प्रोग्रामला दिली की सगळे स्तंभ विस्कटतात. शेवटी एक रिकामा स्तंभही येतो, तो काढून टाका. देशांच्या रांगेतच 'जग', 'अरब जगत' असे गट मिसळलेले असतात. देशांच्या माहितीच्या फायलीत ज्यांच्यासमोर प्रदेश कोरा आहे ते गट, एवढी खूण पुरते. एपीआयने (प्रोग्रामने थेट आकडे मागवायची सोय) घेत असाल तर एका पानावर डीफॉल्ट ५० च नोंदी येतात. पर_पेज (एका पानावरच्या नोंदींची संख्या) मोठा ठेवला नाही तर अर्धवट यादीवर विश्लेषण होऊन जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पानावर दिसणारी 'अलीकडची किंमत'. प्रत्येक देशासमोर त्याचं शेवटचं उपलब्ध वर्ष असतं, ते सगळ्यांचं एक नसतं. वर्षाचा स्तंभ शेजारीच आहे, पण क्रमाने लावताना तो कुणी बघत नाही. २०२० आणि २०२१ ची वर्षं तर वेगळी बाजूला काढावीत. टाळेबंदीत कामं थांबली, पगार थांबले नाहीत.

हे आकडे विश्व बँकेचे नाहीतच. ते मॉन्ट्रियलच्या युनेस्को सांख्यिकी संस्थेकडून येतात. त्या संस्थेच्या स्वतःच्या तक्त्यांत अंदाजाने भरलेल्या आकड्यांना वेगळी खूण असते, देशाने लावलेला अंदाज कुठला आणि संस्थेने लावलेला कुठला हे कळतं. 'शून्य' आणि 'लागू नाही' हेही वेगळे दाखवलेले असतात. विश्व बँकेच्या सीएसव्हीत या खुणा गळून पडतात, उरतो तो आकडा किंवा कोरा रकाना. चाळण्यासाठी विश्व बँक, छापण्याआधी युनेस्को, असा क्रम ठेवा.

जोडीला दोन मालिका घ्याच. पहिली, त्याच ठिकाणची कर्मचारी वेतनाची: एसई.एक्सपीडी.एमएसईसी.झेडएस (SE.XPD.MSEC.ZS). छेद तोच, त्यामुळे वजाबाकी थेट जमते. चालू ९२ आणि वेतन ७४ असेल तर पुस्तकं, वीज, सफाई, किरकोळ दुरुस्ती या सगळ्यांना मिळून १८ उरतात. हा तिसरा आकडा मूळ टक्क्यापेक्षा जास्त बोलका असतो. तो ५-६ वर आला असेल तर शाळेत शिक्षक आहेत पण शिकवायला साहित्य नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. मात्र दोन्ही आकडे एकाच वर्षाचे असले पाहिजेत. दुसरी मालिका संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधली ४.अ.१: वीज, पाणी, स्वच्छतागृह, इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण. भांडवली पैसा प्रत्यक्षात कशात उतरला याचा थोडा तरी अंदाज तिच्यातून येतो.

श्रीमंत देशांपुरतं काम असेल तर ओईसीडीचे (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) तक्ते सरस आहेत. तिथे सरकारी आणि खासगी संस्था वेगळ्या काढून मिळतात, देशागणिक टिपाही सविस्तर. उशीर मात्र तिथेही आहे: तिच्या २०२४ च्या वार्षिक शिक्षण-अहवालातले आर्थिक आकडे २०२१ चे होते.

पाचपैकी गुण द्यायचे तर सोयीला चार, व्याख्येच्या स्पष्टतेला तीन, देशादेशांच्या तुलनेला जेमतेम दीड. आकडा उद्धृत करताना वर्षासोबत फाईल उतरवल्याची तारीखही लिहून ठेवा. मागच्या वर्षांचे आकडेही अद्ययावत करताना बदलतात, आणि सहा महिन्यांनी कुणी पडताळायला गेलं तर तुमचाच आकडा चुकीचा वाटेल.